चूक नोंदवतानाच फंक्शन पडतं तेव्हा

एप्रिलमधल्या एका सकाळी साडेसातला तात्यांचा फोन आला. देवगडच्या सड्यावर त्यांची हापूसची बाग आहे आणि त्यांच्या ऑर्डरींचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. ऑर्डर आली की क्लाउडवर तेवढ्यापुरता चालणारा छोटा कोड, म्हणजे ‘फंक्शन’, आहे ते. "गो बाय, पुण्याच्या गिऱ्हायकाचे पैसे गेले, पण तेका मेसेज काय येवक नाय."

चहा तसाच ठेवून मी पडवीत लॅपटॉप उघडला आणि लॉग, म्हणजे प्रोग्रामने केलेल्या नोंदी, बघितला. त्या ऑर्डरच्या वेळेला एकच नोंद होती: ‘ईआरओएफएस: रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’, म्हणजे डिस्क फक्त वाचू देते, लिहू देत नाही. ऑर्डर क्रमांक नाही, पिनकोड नाही, कोडच्या कुठल्या ओळीत बिघडलं त्याचा पत्ता नाही. दुपारपर्यंत अशा आणखी दोन ऑर्डरी सापडल्या. पैसे भरणाऱ्या तिघांना आपली पेटी निघाली की नाही हे माहीत नव्हतं आणि का ते मलाही सांगता येत नव्हतं.

मूळ चूक संध्याकाळी सापडली, आणि ती फारच साधी होती. तिघांनीही मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून पत्ता भरला होता, त्यामुळे पिनकोडही देवनागरी आकड्यांत आला होता. माझ्या जावास्क्रिप्टमधला नमुना ‘बॅकस्लॅश डी’ वापरून सहा आकडे शोधत होता, आणि जावास्क्रिप्टमध्ये त्याचा अर्थ फक्त इंग्रजी शून्य ते नऊ. जुळणी झाली नाही, हातात ‘नल’ (म्हणजे काहीच नाही) आलं, पुढच्या ओळीने त्या ‘नल’मधून पहिला भाग काढायचा प्रयत्न केला आणि टाइप-एरर आली. (पायथॉनमध्ये तोच पिनकोड ‘इंट’ला दिला असता तर निमूट संख्येत बदलून मिळाला असता. युनिकोडमधले सगळे दशमान अंक त्याला कळतात.)

इथपर्यंत काही बिघडलेलं नव्हतं. टाइप-एरर पकडायला ‘कॅच’ होता. त्या ‘कॅच’मध्ये मी एरर लॉगिंगच्या लायब्ररीला नोंद करायला सांगितलं होतं. लायब्ररी पहिली चूक येईपर्यंत फाइल उघडत नव्हती. पहिली चूक आली, लायब्ररी ‘लॉग्ज’ फोल्डरातली फाइल उघडायला गेली, डिस्कने नकार दिला. फाइलच्या स्ट्रीमने ‘एरर’ हा इव्हेंट सोडला, तो ऐकायला कोणी नव्हतं, आणि नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) नियमाप्रमाणे न ऐकलेला ‘एरर’ इव्हेंट अख्खी प्रोसेस खाली आणतो. पिनकोडची चूक लिहिली जायच्या आधीच लिहिणारा गेला. माझ्या लॅपटॉपवर ‘लॉग्ज’ फोल्डर आधीपासून होतं, तिथे सगळं सुरळीत चालायचं.

त्या दिवसापासून मी फंक्शन चढवण्याआधी जे करते ते इथे क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं मुख्यतः लॅम्डाची, म्हणजे अशी फंक्शन्स चालवणाऱ्या अ‍ॅमेझॉनच्या सेवेची, आहेत, कारण बहुतेकांचा पहिला संबंध तिच्याशी येतो. इतर ठिकाणी जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे.

आमच्यासारख्यांनी सर्व्हरलेसकडे, म्हणजे स्वतःचा सर्व्हर न ठेवता अशा फंक्शनकडे, का वळावं, हेही दोन ओळींत सांगते. पूर्वी ऑर्डरींचा प्रोग्राम तात्यांच्या घरातल्या कॉम्प्युटरवर चालायचा. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं, विजेचे खांब आडवे झाले आणि ऐन हंगामाच्या शेवटी कॉम्प्युटर बंद पडून राहिला. शिवाय आंब्याच्या ऑर्डरी मार्च ते मे. पावसाळ्यात एकही नाही. बारा महिने सर्व्हरचं भाडं भरण्यापेक्षा मागणी येईल तेव्हाच चालणारं आणि तेवढेच पैसे घेणारं फंक्शन आम्हाला परवडतं. तो निर्णय आजही बरोबर वाटतो. फक्त घरच्या मशीनवरच्या सवयी तिथे घेऊन जाता येत नाहीत, आणि फाइलमध्ये लॉग लिहिणं ही त्यातली सगळ्यात जुनी सवय.

एररचा क्रमांक आधी वाचा

मी पहिला तास परवानग्या बदलण्यात घालवला. फोल्डरला ‘चमॉड’ केलं, पुन्हा चढवलं, काही फरक नाही. कारण माझी चूक परवानगीची नव्हतीच. लिनक्समध्ये या चुकांचे क्रमांक (‘एर्नो’) वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

एर्नो ३०, म्हणजे ईआरओएफएस: ज्या डिस्कवर लिहायचं आहे ती फक्त वाचण्यासाठी जोडलेली आहे. इथे ‘चमॉड’ करून काहीही होत नाही. एर्नो १३, ईअ‍ॅक्सेस: जागा लिहिण्याजोगी आहे, पण तुम्हाला मुभा नाही. एर्नो २८, ईनोएसपीसी: लिहायला मुभा आहे, जागा संपली. आणि एर्नो २, ईनोएंट: फाइल किंवा फोल्डर नाही.

शेवटची एरर फसवते. नोडमध्ये एखादी लायब्ररी ‘रिकर्सिव्ह’ पर्याय देऊन फोल्डर बनवायला गेली, तर रीड-ओन्ली डिस्कवर काही वेळा ईआरओएफएसऐवजी ईनोएंट दिसते: ‘एमकेडीआयआर /व्हार/टास्क/लॉग्ज, असं फोल्डर नाही’. माणूस म्हणतो फोल्डर नाही ना, मग झिपमध्ये रिकामं फोल्डर घालून देऊ. फोल्डर घातलं की पुढच्या वेळी फाइल उघडताना खरी एरर येते. म्हणून नियम असा ठेवा, की संदेशात ‘/व्हार/टास्क’ने सुरू होणारा रस्ता आणि लिहिण्याची क्रिया एकत्र दिसली तर क्रमांक कुठलाही असो, दुखणं रीड-ओन्लीचंच आहे. लॅम्डामध्ये तुमचा कोड ‘/व्हार/टास्क’मध्ये असतो, लेयर (कोडला वेगळ्या जोडलेल्या लायब्ररी) ‘/ऑप्ट’मध्ये, आणि दोन्हीकडे फक्त वाचता येतं. लिहिण्यासाठी एकच जागा, ‘/टीएमपी’.

असं का ठेवलंय हे कळलं की पुढचे निर्णय सोपे होतात. तुमच्या फंक्शनची एकाच वेळी दहा-वीस वातावरणं, म्हणजे ते चालवणाऱ्या वेगवेगळ्या बंदिस्त जागा, चालू असू शकतात. प्रत्येक वातावरणाला कोडची तीच प्रत दिलेली असते, आणि ते वातावरण कधी मोडायचं हे तुम्ही ठरवत नाही. अशा ठिकाणी कोडशेजारी लिहिलेली लॉगफाइल कोणत्या वातावरणात राहिली आणि ती कोण वाचणार, याला उत्तरच नाही. डिस्क लिहू देत नाही ते बरंच आहे. दिली असती तर नोंदी झाल्या असं समजून आपण निर्धास्त राहिलो असतो.

कोण लिहितंय ते हुडका

स्वतःच्या कोडमध्ये ‘.लॉग’ शोधलं की काम संपलं असं वाटतं. पण लिहिणारे बरेचदा सेटिंगच्या फाइलीत किंवा दुसऱ्याच्या लायब्ररीत बसलेले असतात.

पायथॉनमध्ये ‘फाइलहँडलर’, ‘रोटेटिंगफाइलहँडलर’ आणि ‘टाइम्डरोटेटिंगफाइलहँडलर’ ही नावं शोधा, कोडमध्येही आणि ‘डिक्टकॉन्फिग’ला दिलेल्या सेटिंगमध्येही. साधा ‘फाइलहँडलर’ तयार होतानाच फाइल उघडतो, त्यामुळे मॉड्यूल लोड होतानाच फंक्शन पडतं आणि प्रत्येक मागणीला एरर जाते. हे दिसायला भयानक, पण पहिल्याच चाचणीत कळतं. त्याला ‘डिले’ सुरू करून दिलं की तो पहिल्या नोंदीपर्यंत थांबतो, आणि मग माझ्यासारखी गत होते: चार दिवस सगळं छान, पाचव्या दिवशी पहिली खरी चूक आली की ओएस-एरर ‘लॉगर.एरर’च्या ओळीतूनच बाहेर येते. पायथॉनची एक गोष्ट चांगली आहे. ‘एक्सेप्ट’च्या आत दुसरी एरर आली तर तो ट्रेसबॅकमध्ये (चूक कुठून आली त्याच्या यादीत) पहिलीही छापतो, म्हणून वरची अर्धी ट्रेसबॅक न वाचता सोडू नका.

नोडमध्ये विन्स्टन या लॉगिंग लायब्ररीचा ‘फाइल’ ट्रान्सपोर्ट (नोंदी फाइलीत नेणारा भाग) बघा. तो तयार होतानाच फोल्डर नसेल तर बनवायला जातो. ‘एक्सेप्शनहँडलर्स’मध्ये वेगळा फाइल ट्रान्सपोर्ट दिलेला असतो, तो नजरेतून सुटतो. जावात लॉगबॅकच्या किंवा लॉगफोरजेच्या एक्सएमएल फाइलीत ‘फाइलअपेंडर’ आणि ‘रोलिंगफाइल’ शोधा. पीएचपीच्या लॅराव्हेलमध्ये नोंदी ‘स्टोरेज/लॉग्ज/लॅराव्हेल.लॉग’मध्ये जातात, आणि तिथे लॉगशिवाय कंपाइल झालेले व्ह्यूही ‘स्टोरेज’मध्येच लिहिले जातात. म्हणजे लॉग दुरुस्त केला की लगेच दुसरी रीड-ओन्ली एरर येईल. घाबरू नका, ती नवी नाही, रांगेत उभीच होती.

लॉगशी संबंध नसलेले लिहिणारेही आहेत. आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबला सेटिंग आणि फॉन्टच्या कॅशसाठी लिहिण्याजोगी जागा लागते; ती ‘एमपीएलकॉन्फिगडीआयआर’ या व्हेरिएबलने ‘/टीएमपी’कडे वळवता येते. घरच्या फोल्डरात, म्हणजे ‘होम’मध्ये, कॅश ठेवणाऱ्या लायब्ररी बऱ्याच आहेत. पायथॉन स्वतः ‘पायकॅश’ लिहायला जातो, जमलं नाही तर गप्प बसतो आणि काम पुढे नेतो. लॉगिंगच्या प्रत्येक लायब्ररीने असंच वागायला हवं असं मला मनापासून वाटतं.

घरीच पाडून बघा

सगळ्या पायऱ्यांमध्ये ही मला सगळ्यात मोलाची वाटते, म्हणून जरा सविस्तर.

तुमच्या लॅपटॉपची डिस्क लिहू देते, म्हणून चूक दिसत नाही. मग लॅपटॉपवरच न लिहू देणारी डिस्क तयार करा. डॉकरमध्ये (प्रोग्राम बंदिस्त कंटेनरात चालवणाऱ्या साधनात) हे दोन पर्यायांचं काम आहे. ‘डॉकर रन’ला ‘--रीड-ओन्ली’ द्या, म्हणजे कंटेनरची अख्खी मूळ फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती राहते. त्यासोबत ‘--टीएमपीएफएस /टीएमपी’ द्या, म्हणजे तेवढी एक जागा लिहायला मिळते. झालं, ढगातली, म्हणजे क्लाउडवरची, परिस्थिती पडवीत आली.

इमेज (ज्यावरून कंटेनर बनतो ती) शक्यतो लॅम्डाची अधिकृत बेस इमेजच घ्या. तिच्यात लॅम्डाची नक्कल करणारा एक छोटा एम्युलेटर असतो. तो कंटेनरच्या ८०८० पोर्टवर मागणी ऐकतो, आणि कर्लने मागणी पाठवायच्या पत्त्यात ‘२०१५-०३-३१’ असं येतं. ते बघून मी पहिल्यांदा जुनं पान उघडलंय की काय म्हणून थबकले होते. ती एपीआयच्या आवृत्तीची तारीख आहे, तशीच ठेवायची.

आता दोन चाचण्या करा, एक नव्हे. पहिली, बरोबर ऑर्डर पाठवा. हिने मॉड्यूल लोड होतानाच लिहिणारे पकडले जातात. दुसरी, मुद्दाम बिघडलेली ऑर्डर पाठवा. पत्ता काढून टाका, रक्कम शब्दांत लिहा, पिनकोड देवनागरीत द्या. हिने फक्त चुकीच्या वेळी जागे होणारे लिहिणारे पकडले जातात. माझी लायब्ररी पहिल्या चाचणीत कितीही वेळा पास झाली असती. दुसरी चाचणी मी केलीच नव्हती.

दुसऱ्या चाचणीनंतर कंटेनरच्या आउटपुटमध्ये काय शोधायचं तेही ठरवून ठेवा. ‘काहीतरी एरर दिसली’ हे पुरेसं नाही. मुद्दाम घातलेली चूकच तिथे नावानिशी, ऑर्डर क्रमांकासकट आणि कोडच्या ओळीसकट दिसली पाहिजे. तिच्याजागी फाइल सिस्टिमचं गाऱ्हाणं दिसलं तर लिहिणारा अजून शिल्लक आहे.

डॉकर नको असेल आणि लिनक्स असेल, तर ‘एसट्रेस’ लावून ‘ओपनअ‍ॅट’ आणि ‘एमकेडीआयआर’ या कॉलवर नजर ठेवता येते. कोणती फाइल लिहिण्यासाठी उघडली हे त्यात उघड दिसतं. मात्र आउटपुट भाराभर येतं, त्यामुळे मी ते शेवटचा उपाय म्हणून ठेवते.

दुरुस्ती: फाइल काढा, आउटपुटवर बोला

फंक्शनने लॉगसाठी फाइल उघडूच नये. जे सांगायचं ते स्टँडर्ड आउटपुटवर किंवा स्टँडर्ड एररवर सांगावं. लॅम्डा हे दोन्ही प्रवाह उचलून क्लाउडवॉच या अ‍ॅमेझॉनच्या लॉग सेवेत नेऊन ठेवते, गुगलची आणि अझूरची फंक्शन्सही आपापल्या लॉग सेवेत नेतात. फाइल फिरवणं, जुनी काढणं, आकार मर्यादेत ठेवणं ही सगळी कामं तुमच्या डोक्यावरून उतरतात.

नोडमध्ये विन्स्टनचा फाइल ट्रान्सपोर्ट काढून ‘कन्सोल’ ट्रान्सपोर्ट ठेवा. जावात ‘कन्सोलअपेंडर’. लॅराव्हेलमध्ये ‘लॉग_चॅनल’ची किंमत ‘एसटीडीईआरआर’ करा आणि कंपाइल होणारे व्ह्यू ‘/टीएमपी’कडे वळवा.

पायथॉनमध्ये एक खड्डा आहे. लॅम्डा तुमचा कोड सुरू व्हायच्या आधीच मूळ लॉगरला स्वतःचा हँडलर जोडून ठेवते. ‘बेसिककॉन्फिग’ला आधीच हँडलर असलेला दिसला की ते काहीच न करता परत येतं. म्हणून लोक म्हणतात, "मी इन्फो पातळी ठेवली, तरी इन्फोच्या नोंदी दिसत नाहीत." मूळ लॉगर घेऊन त्यावर थेट ‘सेटलेव्हल’ करा, एवढंच पुरतं. पायथॉन ३.८ पासून ‘बेसिककॉन्फिग’ला ‘फोर्स’ देता येतं, पण त्याने लॅम्डाचा हँडलर उडतो आणि त्यासोबत प्रत्येक ओळीत येणारा रिक्वेस्ट आयडीही (त्या मागणीचा क्रमांक) जातो. तो आयडी रात्री अकरा वाजता फार कामाचा असतो. मी ‘फोर्स’ वापरत नाही.

लॅपटॉपवर फाइल आणि ढगात कन्सोल, असे दोन रस्ते ठेवायचा मोह होतो. ‘एडब्ल्यूएस_लॅम्डा_फंक्शन_नेम’ हे व्हेरिएबल आहे की नाही ते बघून रस्ता निवडता येतो, आणि बरेच जण तसं करतात. माझं मत याविरुद्ध आहे. जो रस्ता घरी कधी चालत नाही त्याची परीक्षा गिऱ्हाइकाच्या ऑर्डरवर होते. घरीही कन्सोलवरच लिहा; फाइल हवी असेल तर शेलमधून आउटपुट फाइलीकडे वळवा. मग कोडला फाइलीची खबरच नसते.

नोंद एका ओळीत, जेसनमध्ये करा. माझ्या ओळीत पाच गोष्टी असतात: वेळ, पातळी, ऑर्डर क्रमांक, रिक्वेस्ट आयडी आणि एररचा पूर्ण मजकूर स्टॅकसकट. ओळी तुटून आल्या की दोन ऑर्डरींच्या नोंदी एकमेकींत मिसळतात आणि शोधताना अर्धीच ओळ सापडते. गिऱ्हाइकाचा फोन नंबर आणि पत्ता मी लॉगमध्ये घालत नाही. ऑर्डर क्रमांकावरून ते हवे तेव्हा डेटाबेसमध्ये सापडतात, लॉगमध्ये त्यांचं काही काम नाही.

‘/टीएमपी’चा शॉर्टकट

रीड-ओन्लीची एरर कोणालाही विचारा, पहिलं उत्तर येतं: लॉगचा रस्ता ‘/टीएमपी’ करून टाक. एरर जाते हे खरं. मीही त्या संध्याकाळी घाईत तेच केलं, आणि दुसऱ्या दिवशी मला कळलं की आता एररही नाही आणि नोंदही नाही.

‘/टीएमपी’मध्ये लिहिलेलं त्या एका वातावरणापुरतं असतं. तेच वातावरण पुढच्या मागणीला पुन्हा वापरलं गेलं तर फाइल तिथेच असते, नवं वातावरण उभं राहिलं तर कोरी पाटी. एसटीच्या काचेवरच्या धुळीत बोटाने हिशोब लिहिण्यासारखं आहे ते. संध्याकाळी तीच गाडी स्टँडला लागली तर हिशोब दिसेल. दुसरी लागली तर नाही, आणि कुठली लागणार हे आपल्या हातात नाही. शिवाय फाइल बाहेरून उघडून बघायची सोयच नाही.

दुसरं दुखणं जागेचं. लॅम्डात ‘/टीएमपी’ला मुळात ५१२ एमबी मिळतात; मार्च २०२२ पासून ती १०,२४० एमबीपर्यंत वाढवता येते. गर्दीच्या दिवसांत वातावरण तासन् तास पुन्हा पुन्हा वापरलं जातं, लॉगफाइल फुगत जाते आणि मग एर्नो २८ येते. म्हणजे रीड-ओन्लीच्या जागी ‘डिस्क भरली’, तीही नेमकी सगळ्यात जास्त ऑर्डरींच्या दिवशी. गुगलच्या क्लाउड रनवर डिस्कवर लिहिलेलं सगळं मेमरीतच जातं, त्यामुळे तिथे फुगलेली फाइल फंक्शनची मेमरी खाते. व्हर्सेल या अशाच सेवेवरही कोडची जागा रीड-ओन्ली आणि ‘/टीएमपी’ला ५०० एमबीची मर्यादा.

‘/टीएमपी’चा योग्य उपयोग आहे तो एकाच मागणीत सुरू होऊन संपणाऱ्या कामाचा. आमचं पावतीचं पीडीएफ तिथे बनतं, मेलला जोडलं जातं आणि त्याच मागणीत पुसलं जातं. पुसणं ‘फायनली’मध्ये ठेवा, नाहीतर चूक झालेल्या मागण्यांची पीडीएफं साचत राहतात.

लॉगर पडला तरी ऑर्डर पडू नये

फाइल काढली तरी लॉगर दुसऱ्या कारणाने पडू शकतो. जेसन करता न येणारी वस्तू हाती येते, बाहेरची सेवा उत्तर देत नाही. म्हणून लॉगिंगची हाक मी एका छोट्या फंक्शनमध्ये गुंडाळते. आत ‘ट्राय’, त्यात लायब्ररी. ती पडली तर ‘कॅच’मध्ये साधं ‘कन्सोल.एरर’, त्यात आधी मूळ चूक आणि मग लॉगरची चूक, याच क्रमाने. क्रम उलटा ठेवला तर वाचणारा लॉगरच्या मागे धावतो. मी धावले होते.

नोडमध्ये ‘ट्राय’ एकटा पुरत नाही. स्ट्रीमची एरर नंतर, वेगळ्या फेरीत येते, तोवर ‘ट्राय’ संपलेला असतो. लायब्ररीच्या लॉगरवर आणि ट्रान्सपोर्टवर ‘एरर’ इव्हेंट ऐकणारा जोडाच. आणि पकडलेली चूक पुढे फेकायची असेल तर नवी एरर बनवताना ‘कॉज’मध्ये जुनी द्या, नोड १६.९ पासून ही सोय आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. या गुंडाळीच्या नावाखाली ‘कॅच’ रिकामा ठेवू नका. ऑर्डर चुकली तर फंक्शनने ती चुकली असंच कळवलं पाहिजे, नाहीतर पैशांची सूचना पाठवणारी सेवा समजते की काम झालं आणि पुन्हा पाठवत नाही.

फंक्शन झोपायच्या आधी

सेंट्रीसारख्या सेवेकडे चुका पाठवत असाल तर हे लक्षात घ्या: उत्तर दिलं की लॅम्डा वातावरण गोठवते. नेटवर्कवर निघालेली नोंद अर्ध्या वाटेत असेल तर तीही गोठते. पुढच्या मागणीला जाग आली तर कदाचित जाते, नाही आली तर कधीच नाही. उपाय म्हणजे परत येण्याआधी ‘फ्लश’ करून, म्हणजे राहिलेल्या नोंदी पाठवून, त्यासाठी थांबणं, आणि थांबण्याला मर्यादा ठेवणं. मी दोन सेकंद ठेवते. सेंट्रीचं लॅम्डासाठीचं वेष्टण हँडलरभोवती लावलं तर ते हे काम स्वतः करतं. स्वतःचं काही लिहिलं असेल तर ‘अवेट’ विसरू नका.

कन्सोलवरची नोंद मात्र बाहेरच्या सेवेसोबत नेहमी ठेवा. नेट नाही म्हणून कन्सोल कधी अडत नाही.

दोन सेटिंग राहिली. फंक्शनला ज्या भूमिकेतून (‘रोल’मधून) परवानग्या मिळतात तिला लॉग ग्रुप आणि स्ट्रीम बनवायची आणि त्यात नोंद टाकायची परवानगी लागते. ती नसली तर फंक्शन व्यवस्थित चालतं आणि लॉग नुसता रिकामा राहतो. ‘एडब्ल्यूएसलॅम्डाबेसिकएक्झिक्युशनरोल’ या तयार धोरणात ही परवानगी असते. आणि क्लाउडवॉचमध्ये नोंदी मुळात कायमच्या राहतात, त्यांचं बिल येत राहतं. मी मुदत ३ महिन्यांची ठेवली आहे, कारण पैशांच्या तक्रारी कधी कधी हंगाम संपल्यावर, जूनमध्ये येतात.

मोहोर आला की

आता दरवर्षी जानेवारीत, झाडांना मोहोर दिसायला लागला आणि तात्यांच्या फवारण्या सुरू झाल्या की मी खऱ्या, ढगातल्या फंक्शनला एक खोटी ऑर्डर पाठवते. गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी ‘चाचणी’, एक पेटी, पिनकोडच्या जागी देवनागरीत फक्त पाच आकडे. देवनागरी सहा आकडे आता चालतात, कारण पिनकोड तपासायच्या आधी कोड ते इंग्रजी आकड्यांत बदलून घेतो. पाच चालणार नाहीत, चूक होणारच, आणि तीच मला हवी असते.

मग क्लाउडवॉच उघडून ऑर्डर क्रमांकाने शोधते. नोंद यायला काही सेकंद लागतात. ओळ आली की चार गोष्टी बोट ठेवून तपासते: ऑर्डर क्रमांक आहे, रिक्वेस्ट आयडी आहे, ‘पिनकोड पाच आकडी’ हा मजकूर आहे, कोडची ओळ आहे. शेवटी त्याच वेळेच्या आसपास ‘रीड-ओन्ली’ हा शब्द शोधते. तो सापडला नाही की खोटी ऑर्डर डेटाबेसमधून काढते आणि तात्यांना फोन करते, की ऑर्डरी सुरू करायला हरकत नाही.